मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ बिनचूक कसा काढायचा

आईबाबांचं अमेरिकेचं तिकीट निघालं की घरोघरी एक हिशेब होतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो. "रात्री दीडला मुंबईहून निघणार, सकाळी पावणेआठला न्यूयॉर्क, म्हणजे सव्वासहा तास." किंवा इंटरनेटवर अंतराचा ७,७८६ हा आकडा दिसतो, तो किलोमीटर समजून ९०० ने भागला जातो आणि उत्तर येतं साडेआठ तास. प्रत्यक्षात विमान सोळा-साडेसोळा तास लावतं. मग गोळ्यांच्या वेळा चुकतात, न्यायला येणारा भलत्या तारखेला विमानतळावर उभा राहतो, आणि सत्तरीतल्या माणसाला एका जागी किती वेळ बसावं लागणार याची घरात कुणालाच कल्पना नसते.

चूक होते ती क्रमाची. अंतर किती, हवेत किती तास आणि पोहोचल्यावर तिथल्या घड्याळात किती वाजले असतील, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ते याच क्रमाने सोडवायचे. घड्याळ सगळ्यात शेवटी. खाली मुंबई–न्यूयॉर्क हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. तुमची शहरं वेगळी असतील तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

## तयारी: आधी हे समोर ठेवा

- दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड, तिकिटावर छापलेले तेच.
- दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश, दशांश अंशांत.
- प्रवासाची तारीख. ती नसेल तर निदान महिना.
- साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर. बहुतेक मोबाइल आडवा धरला की ती दिसतात.
- कोरा कागद. हा हिशेब तोंडी करू नका.

एककं आत्ताच ठरवून टाका. विमानाच्या जगात तीन मापं एकत्र नांदतात: किलोमीटर, मैल आणि सागरी मैल. १ मैल म्हणजे १.६०९ किमी आणि १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. अमेरिकी संकेतस्थळं मैल देतात, वैमानिक सागरी मैल वापरतात. मुंबई–न्यूयॉर्क हे एकच अंतर सुमारे १२,५३० किमी, ७,७८६ मैल किंवा ६,७६६ सागरी मैल असं तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल. वेगाचंही तसंच: १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी.

सावधान: आकड्याशेजारी एकक लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरू नका. पहिली मोठी चूक इथेच होते.

## पायरी १: शहर नव्हे, विमानतळ नक्की करा

"न्यूयॉर्क" म्हणजे तीन विमानतळ: जॉन एफ. केनेडी (जेएफके), नेवार्क (ईडब्ल्यूआर) आणि लाग्वार्डिया (एलजीए). त्यातला नेवार्क तर न्यू जर्सी राज्यात येतो. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या मुलाला नेवार्क जवळ, तर क्वीन्समध्ये राहणाऱ्या मुलीला केनेडी. हवेतल्या अंतरात फरक नगण्य, पण उतरल्यावर रस्त्यावरच्या वेळात तास-दीड तासाचा फरक पडू शकतो.

आता आपल्याकडेही हेच आहे. गोव्यात दाबोळी (जीओआय) होताच, जानेवारी २०२३ पासून मोपा (जीओएक्स) सुरू झाला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा कोड बीओएम, आणि डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणं सुरू झालेल्या नवी मुंबईचा कोड एनएमआय. तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून गाडी सांगू नका.

सारख्या नावांचाही घोळ होतो. कॅलिफोर्नियातलं सॅन होजे (एसजेसी) आणि कोस्टा रिकाची राजधानी सॅन होजे (एसजेओ). इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम (बीएचएक्स) आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम (बीएचएम). ऑस्ट्रेलियातलं सिडनी (एसवायडी) आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं सिडनी (वायक्यूवाय). चुकीच्या कोडवर केलेलं गणित कितीही बिनचूक असलं तरी फुकट.

तपासणी: कोडसोबत देशाचं नाव कागदावर लिहा. दोन्ही जुळले की पुढे चला.

## पायरी २: दोन विमानतळांमधलं सरळ अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्कोवरून अटलांटिक ओलांडते. त्या रेघेची खरी लांबी सुमारे १४,२०० किमी भरते. पण तो सर्वांत जवळचा रस्ता नाही. पृथ्वी गोल आहे. गोलावर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्ध करणाऱ्या वर्तुळाचा.

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं हे बृहद्वृत्त पश्चिमेला निघतच नाही. ते वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे झुकतं. सिंध, अफगाणिस्तानचा हेलमंदकडचा भाग, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन आणि अरल समुद्रांच्या मधला भाग, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, नॉर्वेत ट्रॉनहाइमजवळून समुद्रावर, पुढे आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्रडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेचा बिंदू ६४ अंशांच्याही वर, आर्क्टिक वृत्ताच्या थोडासाच खाली. लांबी १२,५३० किमी, म्हणजे पट्टीच्या रेघेपेक्षा जवळजवळ १,७०० किमी कमी. सीटसमोरच्या पडद्यावर विमान "उगाच वर" जाताना दिसतं ते यामुळे.

सोपी पद्धत: पृथ्वीगोल आणि दोरा. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप उत्तरेकडे सरकून बृहद्वृत्तावर बसतो. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. दोरा साडेएकोणतीस सेंमीच्या आसपास भरेल आणि गुणाकार साडेबारा हजारावर येईल. गणिताची धास्ती असलेल्यांनी एवढं केलं तरी पुरेसं आहे, आणि मुलांना शेजारी बसवून करण्यासारखं आहे.

नेमकी पद्धत: कॅल्क्युलेटर. दोन्ही ठिकाणांचे अंश असे:

- मुंबई: अक्षांश १९.०९, रेखांश ७२.८७
- केनेडी: अक्षांश ४०.६४, रेखांश उणे ७३.७८

उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. आता क्रमाने:

1. रेखांशांतला फरक: ७२.८७ − (−७३.७८) = १४६.६५ अंश.
2. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०.
3. दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि रेखांश-फरकाची कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०.
4. दोन्हींची बेरीज: −०.३८६०.
5. या संख्येची उलट कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घ्या: ११२.७ अंश. हा पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन.
6. एका अंशाला १११.२ किमी धरून गुणा: सुमारे १२,५३० किमी.

याच कोनाला ६० ने गुणलं तर उत्तर सागरी मैलांत येतं, कारण सागरी मैल ठरलाच मुळी अंशाच्या साठाव्या भागावरून. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने या पद्धतीत फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या वेळेत ती चार-पाच मिनिटांच्या पलीकडे जात नाही, तेव्हा त्यात अडकू नका.

इथे होणाऱ्या चुका मात्र अर्ध्या टक्क्याच्या नसतात.

उणे चिन्ह विसरणं. न्यूयॉर्कचा रेखांश अधिक धरला तर फरक १४६.६५ ऐवजी ०.९१ येतो आणि न्यूयॉर्क मुंबईपासून सुमारे २,४०० किमीवर येऊन बसतं. उत्तर इतकं हास्यास्पद असतं की पकडलं जातं. पण लंडनसारख्या ठिकाणी, जिथे रेखांश शून्याजवळ आहे, तिथे चिन्ह चुकलं तर फरक थोडाच पडतो आणि चूक तशीच राहून जाते.

मिनिटं म्हणजे दशांश समजणं. १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं: १९.०८.

कॅल्क्युलेटर रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर असणं. पडद्याच्या कोपऱ्यात "डिग्री" निवडलेलं आहे ना ते बघा.

तपासणी: मोठं गणित करण्याआधी मुंबई–दिल्ली करून बघा (दिल्ली: २८.५७, ७७.१०). उत्तर १,१४० किमीच्या आसपास आलं तर कॅल्क्युलेटर आणि तुम्ही, दोघंही बरोबर आहात. आणि कुठल्याही दोन ठिकाणांचं सरळ अंतर २०,००० किमीच्या फारसं वर जाऊच शकत नाही, तो पृथ्वीचा अर्धा घेर आहे. त्याहून खूप मोठं उत्तर आलं तर पहिल्यापासून करा.

## पायरी ३: विमान खरोखर कुठून जाणार ते बघा

सरळ अंतर ही खालची मर्यादा झाली. विमान त्याहून कमी अंतर कापू शकत नाही, जास्त मात्र नेहमीच कापतं. किती जास्त, हे हवामानापेक्षा राजकारणावर अधिक अवलंबून असतं.

वरचा मार्ग पुन्हा वाचा. पहिलाच देश पाकिस्तान. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांसाठी तेच केलं, आणि नंतर ही बंदी महिन्यामहिन्याने वाढवली जात राहिली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ही हद्द बंद होती. दुसरीकडे युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकी आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. भारतीय कंपन्यांना ते बंद नाही, पण आधी पाकिस्तान टाळायचा म्हणजे अरबी समुद्रावरून आखाताकडे वळसा घ्यावाच लागतो. त्यात पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण-इराकवरची वाटही अरुंद होते.

म्हणून तीच दोन विमानतळं, तेच सरळ अंतर, आणि दोन कंपन्यांचे वेगळे वेळ. विमानकंपनी कोणत्या देशाची आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाकिस्तानच्या बंदीचा फटका दिल्लीला मुंबईपेक्षा जास्त बसतो. दिल्लीहून पश्चिमेला जायचं तर पाकिस्तान थेट समोर आहे. तिथल्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन मग समुद्र गाठावा लागतो. मुंबई किनाऱ्यावरच असल्याने आपला वळसा लहान. तेव्हा दिल्लीहून गेलेल्या नातेवाइकांचा "आम्हाला इतके तास लागले" हा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

हिशेबासाठी असं धरा:

- मोकळं आकाश, मधे बंद हद्द नाही: सरळ अंतरात २ ते ४ टक्के वाढ.
- एखादा मोठा देश टाळायचा: ५ ते १० टक्के.

आपल्या उदाहरणात ७ टक्के धरू. १२,५३० × १.०७ म्हणजे सुमारे १३,४०० किमी.

तपासणी: फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाका आणि गेल्या आठवड्यातल्या उड्डाणांच्या रेघा बघा. नकाशावर विमान कुठून वळलं ते डोळ्यांनी दिसतं. सहा महिन्यांपूर्वीचा मार्ग बघून उपयोग नाही.

## पायरी ४: वेग धरा, मग वारा

आजची लांब पल्ल्याची विमानं, म्हणजे बोइंग ७७७, ७८७ आणि एअरबस ए३५०, ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि त्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी. त्याच्या ०.८५ पट म्हणजे ताशी ९०० किमी. हा आकडा लक्षात ठेवा.

पण हा वेग हवेतला. जमिनीच्या हिशेबात वारा येतो. आपल्या आणि न्यूयॉर्कच्या मधल्या पट्ट्यात, साधारण ३० ते ६० अंश अक्षांशांत, उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याची धार, वाहते. हिवाळ्यात ती सर्वांत जोरदार असते आणि काही जागी तिचा वेग ताशी २०० किमीच्याही वर जातो. विमान सगळा वेळ तिच्यात नसतं, मार्गही ती बघूनच आखला जातो. त्यामुळे पूर्ण प्रवासाची सरासरी काढताना ४० ते ६० किमीचा फरक धरणं ठीक.

जाताना, पश्चिमेकडे, समोरचा वारा: ९०० − ५० = ताशी ८५०.
येताना, पूर्वेकडे, पाठीमागचा वारा: ९०० + ५० = ताशी ९५०.

आता भागाकार:

- जाताना: १३,४०० ÷ ८५० = १५.७६ तास, म्हणजे १५ तास ४६ मिनिटं.
- येताना: १३,४०० ÷ ९५० = १४.१ तास, म्हणजे १४ तास ६ मिनिटं.

सावधान: १५.७६ तास म्हणजे १५ तास ७६ मिनिटं नव्हे. दशांशाला ६० ने गुणा: ०.७६ × ६० = ४६. ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही होते, कारण गडबडीत दशांशचिन्ह घड्याळातल्या टिंबासारखं वाचलं जातं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून अमेरिकेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे येतं आणि वेळ कमी लागतो" असं अनेक जण ठामपणे सांगतात. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान हवेत असतं. फरक पाडतो तो वारा, आणि तो नेमका उलट दिशेचा आहे. जाताना जास्त वेळ, येताना कमी.

## पायरी ५: चढाई, उतरण आणि जमिनीवरचा वेळ मिळवा

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान गेटवरून मागे ढकललं जातं ती वेळ, चाकं जमीन सोडतात ती नव्हे. पोहोचण्याची वेळ म्हणजे दुसऱ्या टोकाला गेटवर उभं राहिल्याची. मधला सगळा काळ या मोजणीत येतो.

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक करता येत नाही. गर्दीच्या वेळी गेटपासून उड्डाणापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. न्यूयॉर्कला संध्याकाळी रांग याहून लांब असू शकते. शिवाय चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं. सगळं मिळून ४० मिनिटं मिळवा, गर्दीची वेळ असेल तर ६०.

- जाताना: १५ तास ४६ मिनिटं + ४० = सुमारे १६ तास २५ मिनिटं.
- येताना: १४ तास ६ मिनिटं + ४० = सुमारे १४ तास ४५ मिनिटं.

तपासणी: तिकिटावरचा वेळ यापेक्षा अर्धा तास इकडेतिकडे असेल तर हिशेब बरोबर आहे. कंपन्या उशीर दिसू नये म्हणून थोडी सवड ठेवून वेळापत्रक बनवतात. दोन तासांचा फरक दिसला तर एक तर मधे थांबा आहे, नाही तर पुढच्या पायरीत घड्याळाचा घोळ झालाय.

## पायरी ६: आता घड्याळ, आणि फक्त आंतरराष्ट्रीय वेळेतून

ही पायरी सावकाश वाचा. बहुतेक गोंधळ इथलाच आहे.

नियम एकच: दोन स्थानिक वेळा एकमेकींतून कधीही वजा करायच्या नाहीत. दोन्ही आधी यूटीसी या आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत आणायच्या, मग वजाबाकी.

भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, बारा महिने. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊचा.

नमुन्यासाठी धरा की १५ जानेवारीच्या तिकिटावर असं छापलंय: मुंबई सुटणार ०१:३०, न्यूयॉर्क पोहोचणार ०७:४५, त्याच तारखेला.

1. सुटण्याची वेळ: १५ जानेवारी ०१:३० मधून साडेपाच तास वजा. आले १४ जानेवारी, २०:००.
2. पोहोचण्याची वेळ: १५ जानेवारी ०७:४५ मध्ये पाच तास मिळवा. आले १५ जानेवारी, १२:४५.
3. फरक: १६ तास ४५ मिनिटं.

नुसती वजाबाकी केली असती तर सव्वासहा तास आले असते.

परतीचं उदाहरण: न्यूयॉर्क सुटणार ११:३०, मुंबई पोहोचणार दुसऱ्या दिवशी १२:४५. नुसत्या वजाबाकीने सव्वापंचवीस तास. यूटीसीत ११:३० म्हणजे १६:३०, आणि दुसऱ्या दिवशीचे १२:४५ म्हणजे ०७:१५. फरक १४ तास ४५ मिनिटं. पायरी ५ मधल्या आकड्याशी जुळलं.

उन्हाळी वेळेच्या तारखा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. २०२६ मध्ये अमेरिकेत ८ मार्च ते १ नोव्हेंबर, ब्रिटनमध्ये २९ मार्च ते २५ ऑक्टोबर. मधल्या आठवड्यांत एकाची घड्याळं सरकलेली असतात, दुसऱ्याची नाहीत. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरअखेर हे दोनदा तपासावं. अमेरिकेतही सगळीकडे एक नियम नाही: ॲरिझोनातलं फिनिक्स घड्याळ हलवत नाही. आणि ऑस्ट्रेलियात सिडनी-मेलबर्नची उन्हाळी वेळ ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे उलटी. ब्रिस्बेनला ती नाहीच.

मध्यरात्रीची तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ जानेवारी, ०१:३०" असेल तर १४ तारखेला रात्रीचं जेवण करून निघायचं आहे. १५ च्या रात्री निघणारा माणूस विमान गेल्यानंतर वीस-बावीस तासांनी विमानतळावर पोहोचतो. कॅलेंडरवर १५ ला नव्हे, १४ च्या चौकटीत "आज रात्री दहाला विमानतळ" असं मोठ्या अक्षरात लिहा. कारवाल्यालाही तारीख आणि वार दोन्ही सांगा: "बुधवारी १४ ला रात्री."

तिकडच्या मुलांसाठीही हे महत्त्वाचं आहे. आपलं विमान १५ च्या पहाटे दीडला सुटतं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये १४ च्या दुपारचे तीन वाजलेले असतात. मुलगी तिथे बसून ॲपवर विमान शोधताना कोणत्या देशाची तारीख दिसतेय ते बघायला हवं.

## पायरी ७: मधे थांबा असेल तर

आधी शब्द नीट वाचा. "डायरेक्ट" म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच, पण विमान मधे उतरू शकतं. मधे कुठेच न उतरणारं ते "नॉन-स्टॉप". बुकिंगच्या पानावर थांब्यांची संख्या शून्य आहे का ते बघा.

थांबा घेतला की अंतर खूप वाढतं, ही समजूत मात्र खरी नाही. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किमी आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०१० किमी, मिळून १२,९४०. सरळ अंतरापेक्षा जेमतेम ४०० किमी जास्त. लंडनमार्गे ७,२१० आणि ५,५४०, मिळून १२,७५०. कारण ही शहरं बृहद्वृत्ताच्या फार बाजूला पडत नाहीत. सिंगापूरमार्गे न्यूयॉर्क केलंत तर मात्र १९,००० किमीच्या वर जाल, कारण तुम्ही आधी उलट दिशेला जाता. तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी हे गणित करा.

हिशेब असा करा: प्रत्येक टप्प्याचा वेळ पायरी २ ते ५ प्रमाणे वेगळा काढा, चढ-उताराची ४० मिनिटं प्रत्येक टप्प्याला मिळवा, आणि मग थांब्याचे तास. पहिली सुटण्याची वेळ आणि शेवटची पोहोचण्याची वेळ यूटीसीत आणून बेरीज ताडून बघा. थांब्याच्या ठिकाणची स्थानिक वेळ एकूण हिशेबात कुठेच येत नाही. ती फक्त पुढचं विमान पकडायला लागते.

वयस्कर प्रवाशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सलग सोळा तास बसणं ज्यांच्या पायांना किंवा पाठीला झेपत नाही, त्यांच्यासाठी तीन-चार तासांचा एक थांबा बरा. फक्त दीड तासाचा थांबा घेऊ नका. व्हीलचेअर येईपर्यंत आणि सुरक्षातपासणी होईपर्यंत तो संपलेला असतो.

सावधान: अंतर १५,५०० किमीच्या वर गेलं तर थांबा धरूनच चाला. सिंगापूर–न्यूयॉर्क हे सर्वांत लांब नियमित नॉन-स्टॉप उड्डाणांपैकी एक, आणि तेही सुमारे १५,३०० किमीचं.

## पायरी ८: निघण्याआधीच्या आठवड्यात ताडून बघा

उड्डाणाचा क्रमांक टाकून गेल्या सात दिवसांच्या नोंदी काढा. प्रत्येकीत गेट ते गेट किती वेळ लागला ते लिहा, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. एखाद्या दिवशी वादळाने तीन तास उशीर झाला असेल तर सरासरी बिघडते, मधला आकडा बिघडत नाही. ॲपवर "हवेतला वेळ" वेगळा दाखवलेला असतो. तिकिटाशी तुलना गेट ते गेट वेळेचीच करायची.

मग एक तक्ता बनवा. तीन रकाने: निघाल्यापासून किती तास झाले, भारतातली वेळ, न्यूयॉर्कची वेळ. दर दोन तासांनी एक ओळ. ज्यांना इन्सुलिन, रक्तदाबाची किंवा फिटची औषधं आहेत त्यांनी हा तक्ता डॉक्टरांना दाखवून प्रत्येक डोससमोर वेळ लिहून घ्यावी. उदाहरणार्थ, रोज सकाळी आठची गोळी: १५ जानेवारीला निघाल्यापासून साडेसहा तासांनी भारतातले आठ वाजतात, विमानातच. पुढच्या भारतीय आठ वाजता न्यूयॉर्कमध्ये १५ च्याच रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. तिथल्या "सकाळी आठ"ला ती कशी सरकवायची हे डॉक्टर ठरवतील, आपण अंदाजाने ठरवायचं नाही. आणि औषधं हातातल्या बॅगेतच ठेवायची.

फोनचं घड्याळ उतरल्यावर आपोआप बदलतं, मनगटावरचं बदलत नाही. तक्ता वापरायचा असेल तर मनगटावरचं घड्याळ पोहोचेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या.

न्यायला येणाऱ्याला तीन गोष्टी लिहून पाठवा: विमानतळाचा कोड आणि टर्मिनल, तिथली स्थानिक तारीख आणि वेळ, उड्डाणाचा क्रमांक. पावणेआठला विमान गेटवर लागलं तरी इमिग्रेशन, सामान आणि कस्टम होऊन बाहेर यायला तास-दीड तास धरा. गाडी सव्वानऊला दारात आली तरी चालेल.